कोऱ्या पाट्यांची राखण

गोदीत माझ्या बाबांना सगळे ‘वस्तरा’ म्हणायचे, कारण ते जहाजांची दाढी करायचे. विनोद नाही करत. जहाज समुद्रात राहिलं की त्याच्या पोटाला आधी बुळबुळीत थर धरतो, मग शेवाळ येतं, आणि मग पांढरे, टोकदार कवचाचे किडे येऊन असे घट्ट बसतात की हातोडीलाही दाद देत नाहीत. बाबा त्यांना दात म्हणायचे. ‘जहाजाला दात आले’ म्हणजे ते गोदीत कोरडं उभं करायची वेळ झाली. दात आलेलं जहाज जड चालतं, तेल जास्त पितं, मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि मग बाबांसारखी माणसं फळ्यांवर चढून, हात डोक्याच्या वर धरून, स्क्रॅपरनं ते पोट खरवडत बसतात. बाबांच्या हातून निघालेल्या पत्र्यावर बोट फिरवलं तर कुठे अडायचं नाही. मुकादम नव्या माणसांना मुद्दाम तो पत्रा दाखवायला आणायचा. ही गोष्ट बाबा जेवताना इतक्यांदा सांगायचे की आई म्हणायची, ‘कळलं हो. आता ताटही तसंच करून उठा.’

दात येऊ नयेत म्हणून जहाजाला खालून विषारी रंग देतात. ते विष हळूहळू पाण्यात उतरतं आणि जवळ येईल त्याला मारतं. पुढच्या खेपेला तोच रंग वाळून दातांबरोबर खरवडला जातो आणि त्याची धूळ खरवडणाऱ्याच्या नाकातोंडात जाते. किड्यांसाठी केलेलं औषध माणूस बघून थोडंच थांबणार? बाबा तोंडाला फडकं बांधायचे. तेवढंच त्यांचं चिलखत. गोदीनं त्यांना निरोप देताना भिंतीवरचं घड्याळ दिलं. छातीतली घरघर त्यांनी स्वतःच बरोबर आणली. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. कुठल्या खोकल्याला बाटली पुरते आणि कुठला बाटल्या पुरून उरतो, हे मला आवाजावरून कळतं. बाबांचा दुसऱ्या जातीचा होता.

आणि माझी धाकटी बहीण जंतू पाळायची. लोक मांजर पाळतात, पोपट पाळतात. आमच्या बाईंचे काचेच्या बशीत ठेवलेले जंतू. आमचं दोघींचं लहानपण एकाच खोलीत गेलं. मी बारावीनंतर काउंटरवर उभी राहिले, आई गेल्यानंतर, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून, परत बाबांकडे आले, आणि ती शिकत शिकत समुद्राच्या प्रयोगशाळेत पोचली. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. पण ती कशाच्या मागे लागली आहे हे कळलं, तेव्हा हेवा जरा कमी झाला.

खडकांवर एक पातळ, हिरवं, पानासारखं शेवाळ वाढतं. आजूबाजूच्या दगडांना, शिंपल्यांना, दोऱ्यांना दात आलेले असतात आणि हे पान मात्र स्वच्छ. धाकटीनं विचारलं, हे असं का? लहानपणी बाबांचा डबा पोचवायला आम्ही दोघी जायचो, दोघींनी ते पान पाहिलं होतं; मी त्याच्यावरून घसरून पडले होते, तेवढाच माझा त्याच्याशी संबंध. तिला कळलं की पानाचा पराक्रम पानाचा नाहीच. पानावर वस्ती करून राहिलेले जंतू असं काहीतरी स्रवतात, की दातांची पाण्यात तरंगणारी पिल्लं तिथे टेकतच नाहीत. मरत नाहीत. नुसतीच पुढे जातात. ‘म्हणजे भाडेकरूनंच दारात असा वास करून ठेवायचा की पाहुणा पायरीवरून परत,’ मी म्हटलं. ती हसली. म्हणाली, ‘ताई, हे मी उद्या सरांना सांगते.’ सांगितलं नसणारच.

नसणार, कारण धाकटी प्रयोगशाळेत घरचं काही बोलत नसे. त्याचंही कारण आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिनं भर वर्गात सरांना विचारलं, ‘नागडा पत्रा किती दिवसांत गंजतो?’ गोदीत काही न लावलेल्या पत्र्याला नागडाच म्हणतात. आमच्या घरात तो शब्द मीठ-साखरेसारखा रोजचा. पोरं बाकं वाजवून हसली, सरही हसले, आणि वर्षभर तिचं नाव ‘नागडा पत्रा’ पडलं. त्या दिवशी घरी येऊन ती रडली नाही. तिनं तोंडातली गोदी धुऊन काढली, एवढंच. पुढे ती बाबांशीही पुस्तकातल्यासारखं बोलायला लागली. बाबांना त्याचं कौतुकच. ‘कशी शुद्ध बोलते बघ,’ ते मला सांगायचे, जशी काही मी घरात शिव्याच घालत फिरत होते.

त्या जंतूंपासून काढलेला अर्क रंगात मिसळायचा, आणि रंग जहाजाला द्यायचा. विष नाही, मारामारी नाही, खरवडणाऱ्याच्या छातीत धूळ नाही. धाकटीच्या डोक्यात हे इतकं बसलं होतं की तिला दुसरं काही दिसत नव्हतं. तिची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. दर वर्षअखेरीला तिच्या तोंडचं पाणी पळायचं. शेवटी एका रंगाच्या कंपनीनं रस दाखवला. त्यांची अट साधी होती: बशीतलं नको, समुद्रातलं दाखवा. पाट्या समुद्रात टांगा, आम्ही येऊन बघतो. चांगलं निघालं तर काम पुढे नेऊ, नाही तर राम राम. प्रयोगशाळेचे मोठे सरही तेच म्हणाले. तिनं इतकी वर्षं केलेली हाडाची काडं त्या एका दिवसावर येऊन ठेपली होती.

बाबांना तिनं हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे तुझं औषध चाललं की वस्तऱ्याचा धंदा बसला.’

‘हो बाबा.’

‘बसू दे,’ बाबा म्हणाले. ‘बसायलाच पाहिजे.’

पाट्या जुन्या धक्क्याखाली टांगल्या, आणि आमच्या घरातले सगळे जीव त्यांच्याबरोबर टांगणीला लागले. एका लोखंडी चौकटीत ओळीनं न गंजणाऱ्या पत्र्याच्या पाट्या बसवल्या होत्या: काहींना जंतूंचा रंग, काहींना कंपनीचा विषारी रंग, आणि डाव्या टोकाच्या काहींना काहीच नाही. धक्क्यावर राखणदार ठेवायला प्रयोगशाळेकडे माणूस नव्हता. होड्या रंगवणाऱ्यांना तर खोडच असते, डब्यात उरलेला रंग दिसेल त्या उघड्या पत्र्याला फासून टाकायचा. त्यातच धाकटीला अर्काच्या तपासणीसाठी काही महिने दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जायचं होतं. बाबा रोज धक्क्यावर जाऊन बसायचेच. तिनं राखण त्यांच्यावर सोपवली.

मी तिथे होते. ती काय म्हणाली ते मी कानांनी ऐकलं आहे.

‘बाबा, हे बघा. चौकट अजिबात वर ओढायची नाही. हवा लागली की पाट्यांवर बसलेलं मरतं, मग सगळंच चुकतं. कोणाला दोरी कापू देऊ नका. आणि या डावीकडच्या आहेत ना, त्या कोऱ्या आहेत. त्यांना कोणी काही लावता कामा नये. मी येईपर्यंत कोऱ्याच्या कोऱ्या राहिल्या पाहिजेत. सगळा प्रयोग त्यांच्यावर आहे.’

‘कोऱ्याच्या कोऱ्या,’ बाबा म्हणाले.

‘कोऱ्याच्या कोऱ्या,’ धाकटी म्हणाली, आणि पिशवी उचलून निघाली. तिची गाडी चुकत होती.

त्या दिवसापासून बाबा बदलले. गोदी सुटल्यापासून ते घरात ठेवलेल्या सामानासारखे झाले होते; आता सकाळी उठून दाढी करायचे, घडीचं स्टूल काखेत मारायचे आणि कामावर निघाल्यासारखे निघायचे. होडीवाल्यांना त्यांनी सळो की पळो करून सोडलं. कोणी ब्रश घेऊन धक्क्याच्या त्या बाजूला फिरकला तरी हे काठी आपटायचे. ‘म्हातारा तिथे काय अंडी उबवतोय का?’ असं होडी रंगवणारा मला दुकानात येऊन विचारून गेला. मी म्हटलं, ‘हो, तुमच्या पोटावर पाय आणणारी अंडी आहेत.’ त्याला काही कळलं नाही. त्यानं आपलं मलम घेतलं आणि गेला.

मग बाबा ओले होऊन यायला लागले. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी. छातीपर्यंत चिंब. सदरा पिळून दोरीवर, ओठ निळे, दात वाजतायत.

‘पाण्यात कशाला उतरता?’

‘बरं वाटतं.’

‘खोकून खोकून कोलमडायला आलात, आणि बरं वाटतं?’

‘तू तुझ्या गोळ्या विक,’ बाबा म्हणाले. ‘माझं काम मला कळतं.’

वाफ दिली, काढा दिला, गोळ्या दिल्या, शिव्या दिल्या. शिव्यांचा उपयोग झाला नाही. मला वाटलं, जुना समुद्राचा माणूस, मन रमवतोय. धाकटीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘ताई, जरा लक्ष दे गं त्यांच्याकडे.’ म्हणजे मी काय तिथे नाचत होते.

पाट्या काढायच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि मलाही रजा काढायला लावली. धक्क्यावर मोठे सर होते, कंपनीचा साहेब होता, त्याच्याबरोबर कॅमेरा धरलेला एक जण होता. धाकटी रात्रीच्या गाडीनं आलेली, डोळे तांबारलेले, पण चेहरा उजळ. होडीवाल्यांनी दोरी ओढली. चौकट पाण्यातून वर आली तेव्हा दोरी आणि लोखंड दातांनी गच्च भरलेलं होतं, हात लावायला जागा नव्हती. ते पाहून धाकटीनं माझा दंड धरला. तिला हवं तेच होतं. समुद्रानं आपलं काम चोख केलं होतं.

विषारी रंगाच्या पाट्या स्वच्छ होत्या. ते सगळ्यांना माहीतच होतं. जंतूंच्या रंगाच्या पाट्यांवर बुळबुळीत पातळ थर होता, कडेला एखाद-दुसरा दात, बाकी काही नाही. मला त्यातलं काही कळत नाही, पण मोठ्या सरांनी श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. धाकटीची बोटं माझ्या दंडात रुतली.

मग चौकट पूर्ण वर आली आणि डावं टोक दिसलं. कोऱ्या पाट्या आरशासारख्या चकचकीत होत्या.

 मग कंपनीचा साहेब हसला. ‘बाई, आम्ही रंग विकायचंच सोडून देतो. काही न लावलेलं सगळ्यात छान निघालंय!’ कॅमेरावालाही हसला. मोठे सर हसले नाहीत. ते वाकले, कोऱ्या पाटीवर नख फिरवलं आणि म्हणाले, ‘या खरवडल्यात. कोणी खरवडल्या?’

‘मी,’ बाबा म्हणाले.

पुढे येऊन म्हणाले. छाती काढून. त्या आवाजाची मला ओळख होती, मुकादमानं नव्या माणसांना पत्रा दाखवायला आणल्याचं सांगतानाचा तो आवाज.

‘तुम्ही कोण?’

‘हिचा बाप. ओहोटीला पायऱ्यांपाशी छातीभर पाण्यात चौकट लागते. वर ओढायची नाही म्हणाली होती, नाही ओढली. पाण्यातच हात घालून काढले दात. एकही टिकू दिला नाही, साहेब.’

मोठ्या सरांनी धाकटीकडे पाहिलं. कंपनीच्या साहेबाचं हसू कुठल्या कुठे गेलं. ‘आणि बाकीच्या?’ त्यानं विचारलं. ‘या जंतूंच्या पाट्या, त्या कशावरून तुम्ही साफ केल्या नाहीत?’

‘त्यांना हात लावायचं माझं काम नव्हतं. मला कोऱ्या दिल्या होत्या.’

‘राखणीला वडील,’ साहेब मोठ्या सरांना म्हणाला, ‘आणि वडिलांच्या हातात स्क्रॅपर. मी हे वर कोणाला दाखवू?’

न लावलेल्या पाटीवर दात आले असते, तरच लावलेल्या पाटीवर ते आले नाहीत याला अर्थ होता. एवढं मलासुद्धा कळलं. आणि ज्यानं एक पाटी खरवडली त्यानं दुसरी खरवडली नाही, हे जगात फक्त आम्हा तिघांना माहीत होतं, त्यातल्या दोघी त्याच्या मुली आणि तिसरा स्वतः खरवडणारा.  साहेब गाडीत बसून गेला. बाबा मला हळूच विचारत होते, ‘काय झालं गं? काही राहिलं का कुठे?’

घरी आल्यावर धाकटीनं दार लावून घेतलं.

‘खरवडलंत! माझं सगळं आयुष्य खरवडून टाकलंत, बाबा!’

‘अगं, तूच म्हणालीस, कोऱ्याच्या कोऱ्या.’

‘कोरी म्हणजे रंग न लावलेली! काही न लावलेली! तिच्यावर दात यायलाच हवे होते!’

बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. बराच वेळ त्यांना खोकला येत राहिला. मग म्हणाले, ‘काही न लावलेली म्हणजे नागडी. मग नागडी म्हणायचंस. नागडीला मी कशाला हात लावला असता? कोरी म्हणजे स्वच्छ. कोरी ठेव म्हणालीस, म्हणून ठेवली.’

 मी धाकटीकडे बघत होते आणि मला तो वर्ग दिसत होता, बाकं वाजवणारी पोरं आणि हसणारे सर. मला तिचा राग आला, बाबांचाही आला, पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राग त्या हसणाऱ्यांचा आला आणि अजून येतो. ते आता कुठेतरी सुखात असतील. एका शब्दाला हसल्यानं काय होतं, हे त्यांच्या गावीही नसेल.

मोठ्या सरांनी तिचा करार पुढे वाढवला नाही. वाईट बोलले नाहीत, पाठीवर हात ठेवून म्हणाले, असं होतं कधीकधी. पाठीवरचा हात फार स्वस्त असतो. जायच्या आधी शीतपेटी रिकामी करून द्यायची होती. तिथे मोठ्या कुकरसारखं वाफेचं यंत्र असतं. त्यात तिनं आपल्या हातांनी सगळ्या बश्या घातल्या आणि झाकण लावलं. पाळलेलं सगळं शिजवून आले, असं मला म्हणाली, आणि हसली. ते हसू मला बघवलं नाही. आता ती पाण्याच्या टाक्यांचे नमुने तपासते. जहाजांना तोच जुना रंग लागतो आणि गोदीत तोंडाला फडकं बांधलेली नवी माणसं तोच खरवडतात.

बाबांची छाती त्या पाण्यातून परत वर आलीच नाही. मी त्यांना दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, या छातीनं थंड पाण्यात उतरलेच कसे? मी म्हटलं, कामावर जात होते. नळ्या लावल्या, वाफ लावली. धाकटी रोज कामावरून येऊन त्यांच्या उशाशी बसायची. बाप-लेकीत फारसं बोलणं नव्हतं. मग एक दिवस संध्याकाळी बाबांनी नाकावरची नळी बाजूला केली.

‘पुन्हा टांग ना,’ ते म्हणाले. ‘या खेपेला हात नाही लावणार.’

टांगायला काही उरलं नव्हतं. ते तिला ठाऊक, मला ठाऊक. धाकटीनं नळी परत जागेवर लावली.

‘टांगते,’ ती म्हणाली.

त्यानंतर ती आली की बाबा विचारायचे, ‘टांगल्या?’ ती हो म्हणायची. ‘राखणीला कोण?’ ‘होडी रंगवणारा.’ त्यावर बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना तो माणूस पसंत नव्हता. पण मग विचार करून म्हणाले, चालेल, आळशी आहे, हात लावणार नाही.

शेवटी शेवटी त्यांना बोलायलाही जिवावर यायचं. डोळे मिटून पडलेले असायचे. ती आली हे मात्र पावलांवरून ओळखायचे.

‘दात आले?’

‘आले बाबा,’ धाकटी म्हणाली. ‘नागड्यांवर भरपूर आले. बोट ठेवायला जागा नाही.’

तो शब्द तिच्या तोंडून मी इतक्या वर्षांनी ऐकला. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईनं चमकून पाहिलं. बाबांनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांचा चेहरा सैल झाला. जन्मभर दात पाडत आलेला माणूस, दात आल्याचं ऐकून निवांत झाला.

‘मग झालं तर,’ ते म्हणाले.

ते गेल्यावर मी धक्क्यावर जाऊन आले. पायऱ्यांच्या फटीत त्यांचा स्क्रॅपर खोचलेला होता, पुढच्या खेपेला हाताशी असावा म्हणून. मी तो ओढून पाहिला. निघाला नाही. त्याला दात आले होते.